धनावड्यांची शेंदरी बंदूक

आमच्या गावात बंदूक एकट्या परशुराम धनावड्याकडे आहे, आणि वानरं भीत नाहीत तीही एकट्या परशुराम धनावड्याला. मिरजोळ्याची एमआयडीसी मागे टाकून उतार उतरलात की पहिली हापूसची बाग लागते ती त्याची. मोहोर धरला की वानरांचा कळप येऊन कौलांवर बसतो. परशा घरासमोरच्या खळ्यात येतो, खांद्याला बंदूक लावतो, एक डोळा मिटतो. वानरं जरा वेळ बघतात आणि परत कैऱ्या कुरतडायला लागतात. एकदा तर एका हुप्प्याने भिंतीला टेकवलेल्या बंदुकीशेजारी बसून परशाच्या घरची केळी खाल्ली. साली मात्र बंदुकीवर टाकल्या नाहीत, बाजूला टाकल्या. वानरालाही मानपान कळतो.

"अरे बार का नाय काढत?" मी विचारायचो.

"मारुतीवर बार काढू काय, मेल्या?" परशा म्हणायचा. "नरकात जायचाय मला?"

मी एसटीत कंडक्टर होतो. कंडक्टरलाही लोक मास्तर म्हणतात, त्यामुळे गावात मी मास्तर. माझा आणि परशाचा गडगा एक, म्हणजे आमच्या दोन आवारांमधली जांभ्या दगडांची बुटकी भिंत. परशा तिच्यावर कोपर टेकून बोलतो आणि मी ऐकतो. माझी अर्धी नोकरी लोकांची भांडणं ऐकण्यात गेली, उरलेलं आयुष्य परशाला ऐकण्यात चाललंय.

त्याच्या बोलण्यात बंदूक यायचीच. ठासणीची, पुरुषभर उंचीची, लांबलचक नळीची. धनावड्यांच्या कुठल्याशा पूर्वजाने दर्यावर पराक्रम केला आणि आरमाराच्या सुभेदाराने खूश होऊन ती स्वहस्ते बक्षीस दिली, असं परशा सांगायचा. पराक्रम कोणता, ते दर वर्षी बदलायचं. कधी फिरंग्यांचं गलबत बुडवलं, कधी सुभेदाराला बुडताना वाचवलं. एका वर्षी दोन्ही एकाच दिवशी झालं होतं.

पण बंदुकीचा मान खरा होता. शिमग्याला आमच्या आईची, म्हणजे ग्रामदेवीची, पालखी सहाणेवर बसते. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा दगडी चौथरा. तिथून ती गावात घरोघर जायला उठते ती धनावड्यांच्या थोरल्या घरचा बार झाल्यावरच. बार नाही तर पालखी नाही. आमदार आला तरी त्याला थांबावं लागतं, आणि परशा मुद्दाम थांबवतो.

अशी बंदूक मग नुसती बंदूक राहत नाही. दर खंडेनवमीला तिला शेंदूर. दर शिमग्याला शेंदूर. घरात पोर आजारी पडलं तरी शेंदूर. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेले, आणि चापाच्या पुढचा सगळा भाग म्हणजे मारुतीचा खांदा दिसायला लागला. खाली लोखंड आहे की लाकूड, हे खुद्द परशाने कधी पाहिलं नव्हतं.

आता खरी गोष्ट सांगतो. ती बंदूक वाजत नव्हती. परशाचा बाप गेला त्याच साली ती मुकी झाली. चाप ओढला तर कट्‌ असा आवाज यायचा, तोही पाऊसपाणी बरं असेल तर.

मला हे कळलं ते गैरसोयीच्या जागी. एका शिमग्याला सहाणेवर मुंगी शिरायला जागा नव्हती आणि मला लघवीला लागली. मी सहाणेमागच्या गडग्याआड गेलो. तिथे हेमावहिनी, परशाची बायको, ठेवणीतलं लुगडं सावरून उकिडवी बसलेली. एका हातात पेटती उदबत्ती, दुसऱ्या हातात सुतळी बॉम्ब.

"मास्तर," ती शांतपणे म्हणाली, "तोंड फिरवा आणि कानात बोटा घाला."

पलीकडून परशाचं गाऱ्हाणं ऐकू येत होतं. "आई, तुझ्या लेकरांना सुखी ठेव... परमुलखातल्यांना सुखी ठेव... गुराढोरांना..." आणि लोक दर वाक्याला "होय महाराजा" म्हणत होते. हे गाऱ्हाणं इतकं लांब का असतं ते मला तेव्हा कळलं. वात जळायला वेळ लागतो. परशा शेवटी ओरडला, "आई, बार घेऽऽ!" आणि धडाम! माझं तर तिथेच सगळं आटोपलं. गडग्यावरून धूर वर गेला, परशाने बंदूक खाली केली, ढोल वाजले, पालखी उठली. धूर बंदुकीतून न येता भिंतीमागून येतोय, हे कुणी विचारलं नाही. देवाच्या कामात माणूस इतकं निरखून बघत नाही.

तेव्हापासून हे गुपित तिघांत राहिलं. हेमावहिनीची एकच तक्रार असायची. "लोकांच्या बायका शिमग्याला पालखी बघतात. मी गडगा बघते." पण जागा चांगली असायची म्हणे. शिमग्याच्या दिवसांत गवत वाळून कोरडंठाक झालेलं असतं, ठिणगी पडली तर लुगड्यासकट वणवा. पण गडग्यामागचं गवत दर वर्षी आधीच कुणीतरी कापून, पाणी शिंपडून ठेवलेलं असायचं. गुरव करत असेल, असं ती समजायची.

गुपित फुटू नये असा परशाचा जीव वरखाली व्हायचा तो एका माणसामुळे. भागोजी धनावडे. परशाचा सख्खा चुलतभाऊ, धाकट्या घरचा. वाटण्या झाल्या तेव्हा बंदूक थोरल्या घराला गेली आणि धाकट्या घराला एक फणस आला. फणस नेमका हद्दीवर उभा, म्हणून त्याच्यावरून रत्नागिरीच्या कोर्टात दावा. दोघांचं बोलणं बंद. विहीर एकच, म्हणून पाण्याच्या वेळा वेगळ्या. भागोजी दर गावकीच्या बैठकीला, म्हणजे मानकऱ्यांच्या सभेला, उठून म्हणायचा, "बाराचा मान धाकट्या घराला पायजे." का, ते सांगायचा नाही. भावकीत कारण विचारायचं नसतं.

गेल्या विधानसभेच्या निवडणुकीला नेहमीसारख्या परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या होत्या. आजवर हे काम सोपं होतं. हवालदार लिहायचा, "ठासणीची, एक नग, शेंदरासहित." या वेळी मात्र कॉम्प्युटर होता आणि कॉम्प्युटरसमोर कराडकडची श्रद्धा नावाची कॉन्स्टेबल होती. परशाबरोबर मीही गेलो होतो.

"काका, बनवणाऱ्याचं नाव पायजे," ती म्हणाली. "त्याशिवाय पुढचं पानच उघडंना."

"आरमार," परशा म्हणाला.

"आरमार कंपनी?"

"कंपनी कसली गो? आरमार! समुद्रातला!"

तिने बंदूक उलटीपालटी केली. "ह्यो शेंदूर खरवडा. खाली शिक्का असंल."

परशा खुर्चीतून उठलाच. देवाचा शेंदूर असा सरकारी खुर्चीत बसून खरवडतात होय? तो सरळ घरी आला, गुरवाला उठवला आणि आईला कौल लावायला सांगितला. गुरवाने मूर्तीला ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. परशा मनातून डावीची वाट बघत होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. आईने खटकन उजवी टाकली. देवीलाही कधीकधी उत्सुकता असते.

मग श्रद्धालाच घरी बोलावलं. परशाच्या पडवीत केळीच्या पानावर बंदूक ठेवली. हेमावहिनीने खोबरेल चोळलं आणि करवंटीच्या कडेने हळूहळू शेंदूर काढायला घेतला. खरवड निघावी तसे पापुद्रे निघाले. अर्धं गाव जमलं होतं. दुसऱ्या बाजूला, हद्दीपलीकडे भागोजी, आपण आपला फणस बघायला आलोय असं दाखवत, बंदुकीकडे बघत होता.

खाली पितळ निघालं. पितळेवर नक्षी निघाली. आणि नळीवर अक्षरं निघाली ती इंग्रजी. श्रद्धाने वाचली. हॅझलटन आणि मुलगे, पेनसिल्व्हेनिया.

"पेनसिल्व्हेनिया कुठशी आला?" परशाने मला विचारलं. माझा सगळा प्रवास लांजा ते चिपळूण. मी श्रद्धाकडे बघितलं.

"अमेरिकेत, काका." तिने फोनमध्ये बघून सांगितलं. बाप जर्मनीहून आलेला लोहार. अमेरिका नवीन होती तेव्हा त्याने घराच्या पडवीत नळ्या ठोकायला सुरुवात केली, मग मुलं हाताशी आली. त्यांच्या बंदुका आता तिकडे काचेच्या पेटीत ठेवतात, आणि लोक रांग लावून बघतात. ही इकडे कशी आली ते फोनला माहीत नव्हतं. कुणा गोऱ्या खलाशाने बंदरात विकली असेल, जुगारात हरला असेल, नाहीतर पूर्वजाने सरळ ढापली असेल. पराक्रमाला काही कमी नाही.

परशाचं तोंड आरमार बुडाल्यासारखं झालं होतं. सुभेदार गेला, गलबत गेलं, सगळं गेलं. तेवढ्यात हेमावहिनी म्हणाली, "अहो, हे बघा. हितं कायतरी घासलाय."

शिक्क्याच्या खाली बापाचं नाव होतं, त्याखाली दोन मुलांची. आणि तिसऱ्या नावाची जागा कुणीतरी कानशीने घासून गुळगुळीत केली होती. नुसता खड्डा राहिला होता.

परशा खाली वाकला. त्याने त्या खड्ड्यावरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"भावकी!" तो ओरडला. "अरे, त्यांच्यातपण भावकी हाय!"

त्या क्षणापासून तो आरमार विसरला. हॅझलटन त्याला कुडाळ-देवरुखच्या सोयऱ्यांपेक्षा जवळचे वाटायला लागले. तिसऱ्याने बापाचा हातोडा पळवला असेल, परजातीची बायको केली असेल, नाहीतर हद्दीवरचं झाड तोडलं असेल. रोज गडग्यावर नवीन कारण. शेवटी अमेरिकेतसुद्धा एक फणस होता आणि त्याच्यावरून कोर्टात दावा होता, इथपर्यंत गाडी गेली. हे सगळं तो मुद्दाम मोठ्याने बोलायचा, भागोजीला ऐकू जावं म्हणून.

भागोजीने उत्तर दिलं ते गावकीत. निवडणूक संपून बंदूक घरी आली होती. तो उठला, उपरणं झटकलं आणि म्हणाला, "आरमाराचा म्हणून थोरल्या घराला मान होता. आता तर बंदूक निघाली साहेबाची. आमच्या आईला अमेरिकेची सलामी कशाला? मान काढा."

बैठकीत गलका झाला. परशा म्हणाला, आई बंदुकीचं नाव वाचत नाही, आवाज ऐकते. भागोजी म्हणाला, मग आवाजावरच होऊ दे. आणि गावकराने, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याने, कंटाळून निवाडा दिला. या शिमग्याला बार वाजला तर मान कायमचा थोरल्या घराचा. नाही वाजला तर धाकट्या घराचा. परत कुणी तोंड उघडायचं नाही.

परशा घरी येताना शीळ घालत होता. दिवाळीतले सुतळी बॉम्ब हेमावहिनीने पत्र्याच्या डब्यात, तांदळाच्या कणगीवर, दमट होऊ नयेत म्हणून ठेवलेले होते. काळजी कसली?

जानेवारीत हेमावहिनी गेली. सकाळी विहिरीवरून कळशी घेऊन आली, पडवीत टेकली, म्हणाली, "जरा गरगरतंय," आणि संपलं. मला याच्याबद्दल चेष्टा करता येत नाही. बाई चांगली होती. कुणाच्या आधी नाही, मागे नाही, आपली गडग्याआड बसून नवऱ्याचा मान राखणारी. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

विहिरीच्या पाण्याच्या वेळा वेगळ्या, म्हणून भागोजी तिरडीबरोबर जरा अंतर ठेवून चालला. पण स्मशानापर्यंत चालला.

शिमगा जवळ आला तसा परशा मिरजोळ्याला एका लेथवाल्याकडे बंदूक घेऊन गेला. त्याने नळीत बॅटरी मारून बघितलं आणि हात जोडले. "काका, हिच्यात दारू भरलात तर पालखीच्या आधी तुमीच उठाल."

मी म्हणालो, "परशा, मी बसतो गडग्याआड. काडी ओढायला काय अक्कल लागते?"

त्याने बंदूक फडक्यात गुंडाळली. "नको," म्हणाला. "ती जागा तिची. खोटा बार तिच्यासंगं होता तवर खरा होता. आता नुसता खोटा होईल. जाऊ दे मान. घेऊ दे भागोज्याला."

मी दोन शिव्या दिल्या. ऐकला नाही. परशा आयुष्यात कुणाचं ऐकत नव्हता, एका हेमावहिनीचं सोडून.

शिमग्याला उतरत्या दुपारी पालखी सहाणेवर बसली. ऊन रटरटत होतं, ढोलवाले घामाने निथळत होते. परशा पांढरा सदरा घालून आला. बंदूक चकचकीत, नावं उघडी. त्याने ती आभाळाकडे धरली आणि गाऱ्हाणं सुरू केलं. समोर पालखी. मागे गडगा. गडग्यामागे कुणी नाही.

"आई, तुझ्या लेकरांना सुखी ठेव."

"होय महाराजा!"

"परमुलखातल्यांना सुखी ठेव."

"होय महाराजा!"

गुरंढोरं झाली. आंबा, काजू, होड्या, डोलजाळी, मुंबईकर, नोकरदार झाले. बार मागायची वेळ येऊन गेली. परशा थांबेना. मला कळत होतं, त्याला शेवटचं वाक्य म्हणायचं नव्हतं. ते म्हटलं की कट्‌ होणार आणि पिढ्यांचा मान जाणार. एमआयडीसीच्या कामगारांना सुखी ठेव, तो म्हणाला. एसटीला सुखी ठेव. पेनसिल्व्हेनियातल्यांना सुखी ठेव. लोक एकमेकांकडे बघायला लागले, पण "होय महाराजा" म्हणत राहिले. सवय असते.

मग त्याने बंदूक खाली घेतली. "आई," तो म्हणाला, "आमच्या हेमाला... तुझ्या पायाशी नीट जागा दे. समोरची दे. तिनं तुझी पालखी कधी समोरनं बघितली नाय."

या वेळी "होय महाराजा" फार हळू आलं. बायका डोळे पुसत होत्या. परशाने बंदूक खांद्याला घट्ट धरली, डोळे मिटले आणि ओरडला, "आई, बार घेऽऽ!"

काही नाही. एक कावळा ओरडला. परशाने डोळे उघडले नाहीत. मी भागोजीचं तोंड बघावं म्हणून गर्दीत मान फिरवली, तर भागोजी कुठे दिसेना.

आणि धडाम!

असा बार गावाने ऐकला नव्हता. आंब्यावरची वानरं पहिल्यांदाच घाबरून पळाली. ढोल सुटले, पालखी उठली, लोकांनी परशाला खांद्यावर घेतलं. त्याला काहीच कळत नव्हतं. तो बंदुकीकडे बघत होता, जणू तिनेच दगा दिला.

मी गुडघे सांभाळत गडग्याआड गेलो. धुरात भागोजी बसला होता. एक भुवई जळालेली, उपरण्याला भोक, कानावर उदबत्ती. पायाखालची जमीन ओली होती आणि गवत मुळापासून कापलेलं होतं. कोयता बाजूला पडला होता.

मी कोयत्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "म्हणजे दर वर्षी तूच..."

"मग काय गुरव?" तो खेकसला. "तो स्वतःच्या दारातला गवत काढत नाय. बाईमाणूस हितं आगीशी खेळत बसायची. लुगडा पेटला असता म्हणजे?"

"आणि मान?"

"मान मला पायजेच हाय." त्याने डोळे पुसले. धुराने पाणी आलं होतं, असं त्याने मला बजावून सांगितलं. "पण त्याची बायको असताना भांडून घेईन म्हणून बसलो होतो. ती नाय म्हणून घेतला तर तो मान काय कामाचा? आणि भायेरच्यांसमोर आमचा घर पडायचा नाय. फणसाचा दावा चालू राहील, सांग त्याला."

मी सांगितलं. संध्याकाळी परशा गडग्यावर कोपर टेकून उभा होता. सगळं ऐकून घेतलं. मग घरात गेला, बंदूक आणि शेंदराची वाटी घेऊन आला. दर शिमग्याचा शेंदूर लावायचा राहिला होता. त्याने बापाच्या नावाला लावला नाही, मुलांच्या नावांना लावला नाही. कानशीने घासलेल्या त्या तिसऱ्या नावाच्या खड्ड्यात अंगठ्याने शेंदूर भरला.

"मास्तर," तो म्हणाला, "हा तिसरा पण तिकडं असाच गवत कापीत असंल."

पलीकडे विहिरीवर रहाट कुरकुरला. पाण्याची वेळ परशाची होती आणि पाणी भागोजी काढत होता. परशाने ऐकलं. एरवी त्याने गाव डोक्यावर घेतलं असतं. तो तसाच उभा राहिला, आणि भागोजीची कळशी भरेपर्यंत विहिरीकडे गेला नाही.